मदत हवी आहे: स्टेटस (इथे राहायची कायदेशीर परवानगी) नाही, नोकरी चालून आली आहे. मालकांना सांगावं का? (न्यू जर्सी)

नवा_आयडी_२०२५ | शुक्रवार, १ ऑगस्ट २०२५

नेहमीच्या आयडीने लिहायचा धीर होत नाही म्हणून वेगळा काढलाय. ॲडमिन, कृपया धागा उडवू नका. सोमवारच्या आत उत्तर हवंय.

मी २०१६ मध्ये लग्न होऊन एच-४ वर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) इथे आले. मुलगी इथेच झाली, आठ वर्षांची आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये नवऱ्याची नोकरी गेली आणि नियमाने मिळणाऱ्या साठ दिवसांत दुसरी मिळाली नाही. "तीन महिन्यांत नवीन पिटिशन करून येतो" असं सांगून तो जानेवारीत पुण्याला गेला, तो आलाच नाही. सुरुवातीला पैसे पाठवत होता. गेलं दीड वर्ष फोनही उचलत नाही.

तेव्हाच परत का गेली नाहीस, असं विचाराल. मुलगी ऑटिस्टिक आहे. शाळेत तिचा आयईपी (तिच्यापुरता शिक्षणाचा आराखडा) आहे, स्पीच थेरपी आहे, वर्गात तिच्यासाठी वेगळी मदतनीस आहे. साडेचार वर्षांची होईपर्यंत तिने मला आई म्हणून हाक मारली नव्हती. आता "आई, पोळी नको, भात" एवढं सलग म्हणते. हे अर्ध्यात मोडून जायची माझी हिंमत झाली नाही. चूक की बरोबर, ठाऊक नाही.

दोन घरची मुलं सांभाळते, शनिवार-रविवार पोळ्या लाटून देते. सगळं रोखीत. भाडं भागतं, पण कसंबसं. मी एम.कॉम. आहे, कोल्हापूरला सी.ए.च्या ऑफिसात चार वर्षं काम केलंय. मागच्या आठवड्यात ओळखीतून एका छोट्या अकाउंटिंग ऑफिसात गेले. मालक भारतीयच, साठीच्या पुढचे, अतिशय सज्जन. समोर बसवून क्विकबुक्सवर एका महिन्याचा ताळमेळ घालायला दिला. चाळीस मिनिटांत घातला. म्हणाले, सोमवारी या आणि येताना कागदपत्रं आणा.

अर्जात एक प्रश्न होता: अमेरिकेत काम करण्याची कायदेशीर परवानगी आहे का? मी तो रकाना कोरा सोडला. त्यांच्या लक्षात आलं की नाही, कळलं नाही.

मैत्रीण म्हणते, सगळं खरं सांगून टाक, आपला माणूस आहे, समजून घेईल. घरमालकीणबाई म्हणतात, त्यांची भाची भारतात परत गेली आहे, तिचा सोशल सिक्युरिटी नंबर दे. आणखी एकीने सांगितलं की सरळ 'सिटिझन'वर खूण कर, एवढ्याशा ऑफिसात कोण तपासतंय.

मला खोटं बोलायचं नाही. पण खरं सांगितलं तर काय होतं? सांगायचं तर किती आणि कधी?

---

सुगरण | १ ऑगस्ट

वाचून गलबलून आलं. मला वाटतं मालकांना विश्वासात घ्यावं. वडिलांच्या वयाचे आहेत, काम आवडलंय, काहीतरी मार्ग काढतील. परदेशात आपणच एकमेकांना धरून राहायचं ना.

---

दुपारचं_ऊन | १ ऑगस्ट

सर्वात आधी धाग्यातून गावाचं आणि शाळेचं नाव काढा. हा धागा सगळ्या जगाला दिसतो. मालकांबद्दल ओळख पटेल असं आणखी काही लिहू नका.

---

नवा_आयडी_२०२५ | १ ऑगस्ट

काढलं. लक्षातच आलं नव्हतं. आभार.

---

मोगरा_एनजे | १ ऑगस्ट

मी याच राज्यात पंधरा वर्षं एचआरमध्ये आहे. मालकाच्या बाजूने हे कसं दिसतं ते लिहिते. मोठं होईल, पण नीट वाचा.

सोमवारी तुमच्यासमोर येणार तो फॉर्म आय-९, कामाची परवानगी तपासायचा. १९८६ च्या कायद्याने तो प्रत्येक नव्या नोकरासाठी सक्तीचा केला. ऑफिसात तीन माणसं असोत की तीन हजार. पहिला भाग कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत तुम्ही सहीनिशी भरायचा. दुसरा भाग मालकाने तीन कामकाजाच्या दिवसांत तुमचे मूळ कागद हातात घेऊन भरायचा. फॉर्म दप्तरात राहतो, सरकारी तपासणीत तो मागतात. तेव्हा 'कोण तपासतंय' हा सल्ला डोक्यातून काढून टाका.

आता ती 'सिटिझन'ची खूण. ताई, ती कधीच करू नका. नोकरीसाठी स्वतःला अमेरिकन नागरिक म्हणवलं की त्याचा डाग कायमचा लागतो. पुढे कधीही ग्रीन कार्डाचा अर्ज केलात तर तो आडवा येतो. तुमची मुलगी नागरिक आहे. एकवीस वर्षांची झाली की ती तुमच्यासाठी अर्ज करू शकते. तुम्ही रीतसर व्हिसावर आत आला आहात, त्यामुळे मुदत उलटून राहिल्याकडे आणि परवान्याशिवाय काम केल्याकडे त्या वेळी काणाडोळा होऊ शकतो, कायद्यात तशी सोय आहे. या एका खुणेसाठी जवळजवळ कसलीच सोय नाही. तेरा वर्षांनंतरचं दार तुम्ही सोमवारी स्वतःच्या हाताने बंद कराल.

भाचीचा नंबर वापरणं हा फौजदारी गुन्हा आहे, आणि तुमची कमाई तिच्या नावावर चढेल ती वेगळीच.

आता मालकांना सांगण्याबद्दल. सुगरण, तुमची भावना मला समजते, पण कायदा नेमका उलटा आहे. परवानगी नाही हे माहीत असताना माणूस कामावर ठेवणं हाच मालकाचा कायदेभंग आहे. आज त्यांना माहीत नाही. तुम्ही सांगितलंत की त्यांचे हात बांधले गेले. मग ते एकतर नाही म्हणतील, नाहीतर तुम्हाला हिशेबाबाहेर, रोखीत ठेवतील. पहिल्यात तुमची गोष्ट एका जास्तीच्या माणसाला कळलेली असेल, दुसऱ्यात तुमच्या मानेवर त्यांची मूठ असेल. ते सज्जन आहेत हे मी मान्य करते. पण त्यांच्या ऑफिसात आणखी माणसं आहेत, भागीदार असतील, उद्या सून येऊन बसेल. एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही.

म्हणून खोटं सांगू नका आणि सगळंही सांगू नका. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. रकाना कोरा सोडलात, ते ठीकच झालं.

---

नवा_आयडी_२०२५ | २ ऑगस्ट

रात्रभर झोप नाही. म्हणजे ही नोकरी सोडायचीच, असंच ना? आणि कारण विचारलं तर काय सांगू?

---

मोगरा_एनजे | २ ऑगस्ट

हो. सोमवारची नोकरी सोडायची. हे लिहिताना मलाही वाईट वाटतंय.

फोन करा आणि एवढंच म्हणा: "तुम्ही संधी दिलीत त्याबद्दल मनापासून आभार. सध्या मला ही नोकरी स्वीकारता येत नाहीये. परिस्थिती बदलली तर मी स्वतः कळवीन." त्यांनी खोदून विचारलं तर "घरची अडचण आहे" म्हणा. ते खरंच आहे. पुढे कुठेही मुलाखतीत परवानगीचा किंवा स्पॉन्सरशिपचा प्रश्न आला तर याच टप्प्यावर थांबायचं. तेवढं विचारायचा हक्क मालकाला आहे. कुठलं स्टेटस, कधी आलात, नवरा कुठे आहे, याची उत्तरं तुम्ही त्याला देणं लागत नाही.

---

दुपारचं_ऊन | २ ऑगस्ट

आयटिन काढून स्वतःचं काम केलं तर? कॉन्ट्रॅक्टरला आय-९ लागत नाही म्हणतात.

---

मोगरा_एनजे | २ ऑगस्ट

स्वतंत्र कॉन्ट्रॅक्टरकडून गिऱ्हाइकाने आय-९ भरून घ्यायचा नसतो हे खरं. पण म्हणून काम करायची परवानगी मिळते असं नाही. आयटिन हा कर भरण्यापुरता नंबर आहे. आणि एप्रिल २०२५ मध्ये आयआरएस (कर खातं) आणि आइस (इमिग्रेशन कायद्याची अंमलबजावणी करणारं खातं) यांच्यात माहिती देण्याचा करार झालाय, त्यावर कोर्टात भांडण चालू आहे. आज आयटिनसाठी अर्ज करण्याआधी वकिलाला विचारायलाच हवं.

---

रात्रपाळी | २ ऑगस्ट

मी सहसा फक्त वाचतो. आज लिहितोय कारण सुगरण यांनी दिलेला सल्लाच मी अठराव्या वर्षी पाळला होता.

१९९९ मध्ये आईवडिलांबरोबर टूरिस्ट व्हिसावर आलो, सात वर्षांचा होतो. बारावी झाल्यावर एका भारतीय रेस्टॉरंटमध्ये लागलो. मालक मला 'बेटा' म्हणायचे, घरी दिवाळीला बोलवायचे. तासाला सव्वासात डॉलर ठरले होते. चार महिन्यांनी मन मोकळं करावंसं वाटलं, सांगितलं. त्यांनी पाठीवर हात ठेवला, काळजी करू नकोस म्हणाले. पुढच्या महिन्यापासून तासाला पाच डॉलर. मग बाराऐवजी चौदा तास. शेवटी तीन आठवड्यांचे पैसेच दिले नाहीत. 'बेटा' म्हणणं मात्र शेवटपर्यंत चालू होतं. त्या शब्दाचा मला अजून त्रास होतो.

तेव्हा माहीत नव्हतं ते तुम्हाला सांगतो. केलेल्या कामाची मजुरी मिळणं हा हक्क आहे, स्टेटस असो वा नसो. न्यू जर्सीचं लेबर खातं मजुरीची तक्रार घेताना स्टेटस विचारत नाही. पैसे बुडवायचे म्हणून स्टेटसची धमकी देणाऱ्या मालकाला दंड करणारा कायदा या राज्यात २०२४ मध्ये आलाय. घरी मुलं सांभाळणाऱ्या, घरकाम करणाऱ्या लोकांसाठीही त्याच वर्षी वेगळा कायदा लागू झाला. तुम्ही आज ज्या दोन घरी जाता तिथले तास आणि पैसे तारखेनिशी वहीत लिहून ठेवा.

मला २०१२ मध्ये डाका (लहानपणी इथे आणलेल्यांना तात्पुरतं संरक्षण देणारी योजना) मिळालं, वर्क परमिट हातात आलं. त्या दिवशी आय-९ वर चौथ्या चौकटीत खूण केली, 'काम करण्याची परवानगी असलेला परदेशी'. हात थरथरत होता. आधीच्या वर्षांत कुठे 'सिटिझन' म्हणून खूण केली नव्हती, हे नशीब. तेव्हा कोणी सांगितलं म्हणून नव्हे, भीती वाटली म्हणून केली नव्हती.

---

पुण्याची_आई | २ ऑगस्ट

माझा मुलगाही ऑटिस्टिक, अकरा वर्षांचा. परत या असं म्हणणं सोपं आहे, मी म्हणणार नाही. पण इथे काहीच नाही असंही समजू नका. पुण्यात चांगल्या थेरपिस्ट आहेत, महाग आहेत, आणि शाळेशी रोज भांडावं लागतं. निर्णय घ्याल तेव्हा विचारा, मला माहीत आहे ते सगळं सांगेन.

---

कागदाची_होडी | २ ऑगस्ट, रात्री

मी इमिग्रेशन वकिलाच्या ऑफिसात पॅरालीगल आहे. वकील नाही. त्यामुळे हा सल्ला समजू नका, वकिलाला काय विचारायचं तेवढं सांगते.

नोकरीच्या प्रश्नाआधी एक प्रश्न आहे. तुमच्या आय-९४ वर (अमेरिकेत प्रवेशाच्या नोंदीवर) कुठवर राहायची तारीख आहे? सीबीपीच्या (सीमा आणि कस्टम्स खात्याच्या) साइटवर पासपोर्ट नंबर टाकून बघता येते.

बहुतेक लोकांना वाटतं, नवऱ्याची नोकरी गेली त्या दिवसापासून 'बेकायदा मुक्काम' मोजला जातो. तसं नाही. स्टेटस साठ दिवसांनी गेलं, पण ठरावीक तारखेपर्यंत प्रवेश मिळाला असेल तर, मधे सरकारने काही निर्णय दिला नसल्यास, मुक्कामाचं मीटर आय-९४ ची तारीख उलटल्यावर सुरू होतं. ते १८० दिवसांच्या पुढे गेलं आणि मग देश सोडला, तर तीन वर्षं परत येता येत नाही. एक वर्ष झाल्यावर सोडला तर दहा वर्षं.

दुसरं. उत्तर इथे देऊ नका, फक्त मनाशी विचार करा. नवऱ्याने मारहाण, धमक्या, पैसे रोखणं, पासपोर्ट लपवणं, असं काही केलं होतं का? एच-४ वरच्या पीडित पत्नीसाठी वर्क परमिटचा वेगळा अर्ज आहे, आय-७६५व्ही. तुम्ही त्यात बसता का, हे वकीलच सांगेल. पोलिसांपर्यंत गेलेली गोष्ट असेल तर यू व्हिसाबद्दलही (गुन्ह्याचे बळी ठरलेल्यांसाठीचा) विचारा. वर्षाला दहा हजारच मिळतात, रांग फार मोठी आहे, पण विचारा.

'नोटरी' किंवा 'कन्सल्टंट' पाटी लावलेल्या कोणाकडेही जाऊ नका. वकील, नाहीतर न्याय खात्याची मान्यता असलेला संस्थेतला प्रतिनिधी. न्यू जर्सीत मानवी ही दक्षिण आशियाई स्त्रियांसाठीची संस्था १९८५ पासून काम करते. सुरुवात तिथून करा. आणि रोखीचं काम, कोरा रकाना, सगळं वकिलाला सांगा. मालकाला जे सांगायचं नाही ते सांगायची जागा ती.

---

नवा_आयडी_२०२५ | रविवार, ३ ऑगस्ट

आय-९४ बघितला. १४ सप्टेंबर २०२४.

---

कागदाची_होडी | ३ ऑगस्ट

म्हणजे १८० दिवस मार्चमध्येच झाले. वर्ष व्हायला सहा आठवडे आहेत. घाबरून तिकीट काढू नका, आणि अजून वेळ आहे म्हणून बसूनही राहू नका. जायचं की राहायचं हे त्या तारखेच्या आत, वकिलाशी बोलून ठरवा. अपॉइंटमेंट मागताना ही तारीख पहिल्याच वाक्यात सांगा, लवकर वेळ देतात.

---

नवा_आयडी_२०२५ | सोमवार, ४ ऑगस्ट

सकाळी मालकांना फोन केला. मोगराताई, तुमचंच वाक्य कागदावर लिहून समोर ठेवलं होतं. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "टॅक्सच्या सीझनला मला माणूस लागतोच, जानेवारीत एकदा फोन कर." काही विचारलं नाही. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मुलगी शेजारी येऊन बसली.

कागदाची होडी, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे लिहिता येणार नाही. पण उत्तर आहे. संस्थेत फोन केला, ओळखीच्या भाषेत बोलणारी बाई होती, तिने वकिलाची वेळ घेऊन दिली. गुरुवारी दुपारी दोन वाजता. वहीही काढली आहे, मागच्या तीन महिन्यांचे तास आठवून लिहितेय.

एक अडचण आहे. तिची समर स्कूल बारालाच सुटते आणि वकिलासमोर मला जे बोलायचंय ते तिच्यासमोर बोलता येणार नाही. मध्य जर्सीत कोणी तीन तास थांबू शकेल का?

---

मोगरा_एनजे | ४ ऑगस्ट

मी सुट्टी टाकते. पण तिला नवीन माणसाची आधी सवय व्हायला हवी ना? बुधवारी संध्याकाळी एखाद्या बागेत किंवा लायब्ररीत भेटू, तुम्ही म्हणाल तिथे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. तिला काय आवडतं तेवढं कळवा, मी भात घेऊन येईन.