प्रतिसाद: 'इसेन्शियल' म्हणजे नेमकं काय?
ताई, प्रथिनं ज्यांची बनतात त्या वीस अमिनो आम्लांपैकी नऊ 'इसेन्शियल', मग उरलेली अकरा शरीराला नको असतात का, असं तुम्ही विचारलंत. तसं नाही, वीसही लागतात. आहारशास्त्रात या शब्दाचा अर्थ नुसता 'गरजेचं' असा नाही. जे शरीर स्वतः पुरेसं बनवू शकत नाही, जेवणातूनच यावं लागतं, ते इसेन्शियल.

आपल्या खान्देशातली कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी बघा. ज्वारीत लायसिन हे इसेन्शियल आम्ल फार कमी. उडदात ते भरपूर, पण मेथिओनिन हे दुसरं इसेन्शियल आम्ल कमी. ती बाजू ज्वारी सांभाळते. सालीसकट काळे उडीद, ज्वारी आणि मीठ एकत्र दळलेलं असतं, म्हणून भाकरीवर सालीचे काळे ठिपके दिसतात. उडदाच्या चिकटपणामुळे थापताना कडाही फारशा तडकत नाहीत. कळणं नसेल तर साध्या भाकरीसोबत उडदाची डाळ घ्या, तेच साधतं. दोन्ही एकाच घासात हवं असंही नाही, दिवसभरात पोटात गेलं की पुरे.

'इसेन्शियल ऑइल'चं मात्र वेगळं. तिथे अर्थ अर्काचा, सुगंधाचा. शरीराला गरजेचं समजून ते तेल कृपया पोटात घेऊ नका, लहान मुलांना तर मुळीच देऊ नका.