पिवळ्या माणसाबरोबर भटकंती : तुमचे अनुभव

झोप येत नव्हती म्हणून गूगलचा नकाशा उघडला, स्ट्रीट व्ह्यूचा (म्हणजे रस्त्यावर उभं राहून दिसतं तसं चित्र दाखवणाऱ्या सोयीचा) तो पिवळा माणूस मानगूट धरून उचलला आणि पॉम्पेईत नेऊन सोडला. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलेलं गाव. देवळं, नाट्यगृह वगैरे राहिलंच बाजूला, मी रस्त्यातच अडकलो. मधोमध उंच दगड आडवे बसवलेले. रस्त्यावरून पाणी आणि घाण वाहायची, तेव्हा पाय न भिजवता पलीकडे जायची ही सोय. दगडांमधल्या फटींतून गाड्यांची चाकं जायची आणि त्या चाकांनी फरशी चांगलीच खोल कातली आहे. ‘चाकोरी’ हा शब्द आयुष्यभर वापरला, पण खरी चाकोरी पाहिली ती अशी, रात्री दोन वाजता.

तुम्ही कुठल्या जुन्या गावात असे फिरलात? प्रसिद्ध इमारती नकोत, त्या फोटोत असतातच. गल्लीत काय सापडलं ते लिहा.

*

पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा मी व्हेनिस पायी पालथं घातलं! तिथे स्ट्रीट व्ह्यूची चित्रं टिपणारी गाडी शिरतच नाही, म्हणून २०१३ मध्ये पाठीवर कॅमेरा बांधून माणसं फिरली होती. मी रोज एक पत्ता शोधायचा खेळ मांडला आणि रोज हरले. नंतर उलगडा झाला की घरांचे नंबर रस्त्यावार नाहीतच. शहराचे सहा विभाग आहेत आणि आकडे विभागभर धावत हजारांत जातात.

मग नंबर सोडून पाट्या वाचायला लागले. ‘काल्ले’ म्हणजे गल्ली. ‘फोंदामेंता’ म्हणजे कालव्याच्या काठची वाट. एके ठिकाणी गल्ली एकदम ऐसपैस झाली, पाटीवर ‘रिओ तेरा’. म्हणजे बुजवलेला कालवा! पाणी गेलं, नाव तेवढं राहिलं. त्यानंतर तसे रस्ते हुडकायचा नादच लागला. प्लास्टर निघालं तरी सुटला नाही.

*

इटलीतल्या लुक्काचा अँफिथिएटर चौक आधी वरून पाहा, मग खाली उतरा. वरून स्वच्छ लंबगोल दिसतो. रोमन रंगमंडलाच्या अवशेषांवरच घरं चढवली, त्यामुळे घरांची रांगही तशीच वळत गेली आहे. हे खालून, चौकात उभं राहून पटकन लक्षात येत नाही.

*

माझा अनुभव जरा वेगळा. इटलीतलं अमात्रिचे. २४ ऑगस्ट २०१६ रोजी पहाटे ३ वाजून ३६ मिनिटांनी भूकंप झाला आणि जुन्या गावाचा बहुतेक भाग कोसळला. त्या भूकंपात जवळजवळ ३०० माणसं गेली. बातमी वाचून मी सहज पिवळा माणूस तिथे सोडला, तर चित्रं भूकंपाआधीची निघाली. घंटेचा मनोरा उभा, आजूबाजूची घरंही उभी. मनोरा पुढे टिकला, घरं नाही. रस्त्यावरच्या माणसांचे चेहरे नेहमीसारखे धूसर केलेले. यातलं कोण वाचलं असेल, या विचाराने पुढचा बाण दाबवेना. तेव्हापासून कुठेही गेलो की कोपऱ्यातला, चित्र टिपल्याचा महिना-वर्ष आधी बघतो. २०१४ पासून काही ठिकाणी जुनी चित्रंही उघडता येतात, तीही बघतो.

*

वरचं वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही.

तरी एक सांगतो, जाणाऱ्यांच्या उपयोगी पडेल. स्पेनमधलं टोलेडो मी पडद्यावर इतकं फिरलो होतो की प्रत्यक्ष गेल्यावर सोबतच्यांना म्हटलं, नकाशा ठेवा खिशात, माझ्यामागे या. वळणं सगळी बरोबर आली, पण दम लागून दोनदा बसावं लागलं. ताहो नदीच्या वेढ्यातलं टेकडीवरचं गाव ते! कॅमेरा क्षितिज सरळ धरतो, त्यामुळे चढ पडद्यावर जवळजवळ सपाट होतो. चढ ओळखायचा तर रस्ता बघू नका, कडेच्या घरांचे उंबरठे बघा. एका बाजूला पायरी नाही आणि दुसऱ्या टोकाला चार पायऱ्या दिसल्या, की समजायचं.

*

उंबरठ्यांची युक्ती आत्ताच लिस्बनच्या अल्फामा या जुन्या वस्तीत लावून पाहिली. तिथे उंबरठे कुठले, अख्खी गल्लीच जिना आहे.