ड्रेसाजच्या क्लासने मांड खरंच सुधारते का?

दुडकीवाली
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं हौसेने घोडेस्वारी करतेय, जास्त करून मोकळ्यावर रपेट आणि अधूनमधून छोट्या उड्या. घोड्याची भीती अशी नाही वाटत, पण ट्रॉटला, म्हणजे दुडक्या चालीला, न उठता बसून राहायचं म्हटलं की सॅडलवर नुसती आदळत असते, गुडघे आपोआप आवळले जातात मग टाच वर येते आणि एक रिकीब (पाय ठेवायची कडी) हमखास सुटतेच. शिवाय डावीकडे वळताना मी उजवीकडे लटकतेय असं वाटत राहतं. कोच म्हणतायत काही महिने फक्त ड्रेसाज कर. आता ड्रेसाज म्हणजे घोड्याला नाजूक चाली शिकवणं ना, त्याने माझी मांड कशी काय पक्की होणार? घरी व्यायाम करून नाही का जमणार हे? ज्यांनी केलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा प्लीज, टाच खाली आणि खांदे मागे हे ऐकूनही झालंय आणि करूनही झालंय.

अबलख
ताई, कोच बरोबर सांगतायत. ड्रेसाजमध्ये घोड्याला प्रत्येक गोष्ट तुमच्या बैठकीतून कळवायची असते, आणि ती बैठक हलत असेल तर घोड्याला काहीच नीट ऐकू येत नाही, म्हणून चांगला कोच आधी तुम्हालाच हातात घेतो, घोडा नंतर.

तुमचं काय होतंय ते सांगतो. ट्रॉटला घोडा तिरके पाय जोडीने टाकतो, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा एकदम, मग दुसरी जोडी. त्यामुळे त्याची पाठ नुसती वरखाली होत नाही, एकदा डावी बाजू खाली जाते एकदा उजवी. तुमची दोन्ही बैठकीची हाडं त्या पाठीबरोबर आळीपाळीने खाली जायला हवीत. गुडघे आवळले की खुब्याचा सांधा जाम होतो, कंबर अख्खी एक तुकडा बनते, घोड्याची पाठ वर आली की तुम्ही उडता आणि उतरता तेव्हा ती पुढच्या पावलाला परत वर येत असते. मग आदळणार नाही तर काय! आणि पकड जितकी घट्ट तितकं अंग वर ढकललं जातं, म्हणून रिकीब सुटते. तिथे टाच दाबून काही होत नाही, उलट घोटा ताठ होतो आणि पाय पुढे सरकतो.

बाजूने बघितलं तर कान, खांदा, खुबा आणि टाच एका उभ्या रेघेत यायला हवेत, ही गोष्ट सगळे सांगतात. पण ती रेघ धरून बसायची नसते, सांधे मोकळे असले की ती आपसूक येते. माझं तर स्पष्ट मत आहे की पोझ शिकवणारे क्लास करूच नका, हालचाल शिकवणारे करा.

त्यासाठी लंजचे धडे मागा. घोडा लांब दोरीवर कोचच्या ताब्यात, साधारण २० मीटरचं वर्तुळ, आणि तुमच्याकडे लगाम नाही. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये नवे स्वार सुरुवातीचा बराच काळ असेच लंजवर, लगाम आणि रिकिबीशिवाय बसतात. आधी वॉकला डोळे मिटून फक्त ओळखायचं की आत्ता कुठलं हाड खाली जातंय. ते बिनचूक सांगता आलं की मग ट्रॉट, तोही अगदी संथ, आणि तोल गेला तर सॅडलच्या पुढच्या कडेला एक बोट अडकवून स्वतःला खाली ओढून घ्यायचं. आणि श्वास सोडत राहा, श्वास धरला की पाठ लगेच ताठ होते.

गुडघ्याच्या पकडीशिवाय बसता येतं का असं वाटत असेल तर लिस हार्टेल बघा. डेन्मार्कच्या स्वार, १९४४ मध्ये पोलिओ झाला आणि गुडघ्याखाली पाय कायमचे लुळे पडले. घोड्यावर चढायला उतरायला माणसं लागायची. तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक ड्रेसाजचं रौप्य, १९५६ ला परत रौप्य. पोटरी आणि टाचेचे इशारे करताच येत नव्हते त्यांना, घोडीशी सगळं बोलणं बैठकीतून आणि अंगाच्या वजनातून.

खोगीर_आधी_बघा
वरचं सगळं पटलं पण एक गोष्ट सुटली. आधी सॅडल तपासा! उड्यांचं सॅडल असेल तर त्याचे फ्लॅप, म्हणजे पायाखाली येणारे बाजूचे चामडी पडदे, पुढे कापलेले असतात, त्यात लांब पायाने बसायला गेलात तर सॅडल तुमच्याशी भांडणार. सॅडल मागे झुकलेलं असलं तरी तुम्ही खुर्चीत बसल्यासारख्या पाय पुढे टाकून बसणार, मग कोचने कितीही ओरडू दे. रिकिबीची लांबी पण बघा, पाय बाहेर काढून सैल सोडला की रिकिबीचा तळ साधारण घोट्याच्या हाडापाशी आला पाहिजे. ड्रेसाजला लांब हवी म्हणून एकदम सोडली की पंजाने शोधत बसता आणि गुडघा परत आवळतो.

आणि बिन-रिकिबीचं काम थोडं थोडंच करा. पोटाचे स्नायू दमले की माणूस पकडतोच, आणि तुम्ही आदळता ते घोड्याच्या पाठीवर, त्याला दुखतं हो, तो पाठ दाबून कडक करतो आणि मग बसणं आणखी अवघड. दोनचार मिनिटं चांगली बसलात की वॉकला आणा. घोडाही जीव आहे.

दुडकीवाली
दोघांनाही मनापासून धन्यवाद, पाठीची डावी-उजवी बाजू वेगळी खाली जाते हे आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. घरच्या व्यायामाचं आणि त्या डावीकडे वळतानाच्या लटकण्याचं पण कुणीतरी सांगा ना.

सैल_लगाम
घरी खुब्याच्या पुढचे स्नायू ताणा, दिवसभर बसून काम असेल तर ते आखडलेलेच असतात आणि मांडी खाली लांब सुटत नाही. जोडीला प्लँक आणि एका पायावर उभं राहणं. उपयोग होतोच, पण घोड्याच्या चालीची सवय घोड्यावरच लागणार.

लटकण्याचं म्हणाल तर डावीकडे वळताना तुमची डावी कूस आखडत असणार, त्यामुळे खुबा उजवीकडे ढकलला जातो आणि वजन तिकडे जातं. अशा वेळी डावीकडे झुकायला जाऊ नका, कूस आणखी दुमडते. डाव्या बरगड्या आणि खुबा यांच्यातलं अंतर वाढवा, डावा गुडघा जड सोडा, बेंबी वर्तुळाच्या दिशेला वळवा. वॉक-ट्रॉट-वॉक असे बदल वर्तुळावर करत राहा, बदलाच्या क्षणी कुठे सरकता ते लगेच कळतं.

अजून एक, रिकिबीचे पट्टे काढून शेजारी शेजारी धरून मोजा. कायम डावीकडूनच चढतो आपण, त्यामुळे डावा पट्टा ताणून लांब होतो, भोकं सारखी दिसली तरी रिकिबी वरखाली असतात. पट्टे अधूनमधून अदलाबदल करावेत आणि चढायला स्टूल घ्यावं. घोडा स्वतः एका बाजूने कडक असला तरी तो तुम्हाला दुसरीकडे सरकवतो, तेव्हा एकदा वेगळ्या घोड्यावर बसून बघा तिथेही तसंच होतं का. आणि कोचना व्हिडिओ मागून काढायला सांगा, बाजूने काढलेल्यात हे दिसत नाही.