'फ्रँकेन्स्टाइन' वाचताना भीती नेमकी कुठे वाटली?

मेरी शेली यांची ही कादंबरी १८१८ साली लेखिकेच्या नावाविना प्रसिद्ध झाली. चित्रपटांमुळे तिच्यातला राक्षस पुस्तक न वाचलेल्यांच्याही ओळखीचा असतो. म्हणून विचारावेसे वाटते की पुस्तक प्रत्यक्ष हाती घेतल्यावर आपल्या अंगावर काटा कोणत्या प्रसंगी आला? कथानक उघड करण्यास हरकत नाही.

~

विजांचा कडकडाट आणि यंत्रांनी भरलेली प्रयोगशाळा यांची मी वाट पाहत होतो. प्रत्यक्षात नोव्हेंबरमधली पावसाची रात्र, विझत आलेली मेणबत्ती आणि उघडणारा एक निस्तेज पिवळा डोळा एवढेच होते. मृत देहात प्राण कसा आला, हे राक्षसाला घडवणारा व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन मुद्दामच सांगत नाही. खरा धसका नंतर बसला. दुःस्वप्नातून दचकून उठलेल्या व्हिक्टरला दिसते, की पलंगाचा पडदा वर धरून तो प्राणी आपल्याकडे टक लावून पाहत आहे. त्या रात्री मी दिवा मालवला नाही. दुसऱ्या वाचनात मात्र लक्षात आले, की त्याने एक हात जणू थांबवण्यासाठी पुढे केला होता आणि तोंडाने तो काहीतरी अस्फुट पुटपुटत होता. पहिल्या वेळी व्हिक्टरबरोबर मीही पळालो होतो.

~

ध्रुवाकडे निघालेल्या एका दर्यावर्द्याच्या सुरुवातीच्या पत्रांमुळे मी दोनदा पुस्तक बाजूला ठेवले होते. तिसऱ्यांदा ती ओलांडून पुढे गेले आणि कथा शेवटी पुन्हा ध्रुवीय बर्फावर पोहोचल्यावर निमूटपणे मागे येऊन वाचली.

~

मला राक्षसापेक्षा व्हिक्टरचीच धास्ती वाटली. त्याच्या धाकट्या भावाच्या खुनासाठी जस्टिन ही निरपराध मुलगी फासावर जाते. खुनी कोण हे व्हिक्टरला मनोमन उमगलेले असते, पण सांगितले तर लोक वेड्यात काढतील म्हणून तो गप्प राहतो आणि वर तिच्यापेक्षा आपल्याच यातना मोठ्या असल्याचे आपल्याला ऐकवतो! मी पुस्तक अक्षरशः आपटले होते.

~

वर आलेल्या पुढे केलेल्या हाताला धरूनच लिहिते. महिनोन्महिने एका कुटुंबाच्या झोपडीशेजारी लपून, भिंतीच्या फटीतून पाहत तो राक्षस भाषा शिकतो, रात्री त्यांच्यासाठी लाकडे तोडून ठेवतो, आणि शेवटी घरात एकट्या असलेल्या आंधळ्या म्हाताऱ्यासमोर धीर करून बसतो. म्हातारा त्याच्याशी मायेने बोलतो. आता मुले परतणार, हे ठाऊक असताना तो संवाद वाचणे मला सहन झाले नाही. मी पान झाकून एकेक ओळ उघडत गेले. म्हाताऱ्याचा मुलगा फेलिक्स आत येतो आणि राक्षसाला काठीने झोडपतो. तो फेलिक्सला सहज फाडू शकला असता, पण हात न उगारता बाहेर पडतो.

~

'तुझ्या लग्नाच्या रात्री मी येईन' या राक्षसाने व्हिक्टरला दिलेल्या धमकीचा अर्थ मलाही व्हिक्टरइतकाच उशिरा कळला.