'परवडणारं घर' म्हणजे कोणाला परवडणारं?

एका माहितीपत्रकाचं मराठी करायला घेतलंय, विषय शहरातली घरं, आणि 'अफोर्डेबल हाउसिंग'पाशी अडलेय. सगळे 'परवडणारी घरे' लिहितात म्हणून मीही लिहिलं पण वाचून बघितलं की वाक्य अर्धवट वाटतं, काय खटकतंय ते मात्र सापडत नाही. 'स्वस्त', 'किफायतशीर', 'घरकुल' हे पण लिहून खोडलं. घरकुल शब्द गोड आहे पण त्यात पैशाचं काहीच येत नाही, आणि स्वस्त म्हटलं की माल हलका असं आधी मनात येतं. तुम्ही काय लिहाल?

—

खटकतंय ते व्याकरण आहे. परवडणे हे क्रियापद 'ला' घेतल्याशिवाय उभं राहत नाही, मला परवडतं, त्यांना परवडत नाही, म्हणजे आवडणे, झेपणे, मानवणे यांच्याच घरातलं. नुसतं 'आवडणारा रंग' असं कोणी म्हटलं तर आपण लगेच विचारू, कोणाला आवडणारा? पण 'परवडणारी घरे' म्हटल्यावर कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते सगळी गडबड तिथेच होते. स्वस्त-महाग हे वस्तूच्या भावाबद्दल असतं, परवडणं हे वस्तू आणि माणूस दोघांमधलं असतं, घर तेच राहतं आणि एकाला परवडतं, दुसऱ्याला नाही.

हा 'ला' भरायचा म्हणूनच कमाईशी बांधलेलं माप आलं. अमेरिकेत १९६९ च्या कायद्यात सरकारी घरांचं भाडं भाडेकरूच्या उत्पन्नाच्या २५ टक्क्यांवर जाऊ नये असं ठरलं, १९८१ मध्ये ते ३० टक्के केलं, आणि आता हा ३० चा आकडा जगभर अंगवळणी पडलाय. पण त्यातही एक पेच आहेच. भरपूर कमावणाऱ्याने १०० तले ४० घराला दिले तरी उरलेल्या ६० त त्याचं आरामात भागतं, आणि अगदी थोडं कमावणाऱ्याने ३० दिले तर उरलेल्या ७० त खाणं, औषध, शाळा काहीच नीट बसत नाही. म्हणून घराला किती गेले यापेक्षा घर भागवून हातात किती उरले हे बघणं मला जास्त बरोबर वाटतं. मराठीत 'भागणे' हा किती नेमका शब्द आहे बघा.

—

वरच्या मुद्द्यात भर. परवडणे हे विकणाऱ्यालाही चालतं, 'या भावात द्यायला परवडत नाही' हे आपण रोज ऐकतो. म्हणजे शब्द एकच आणि बाजू दोन, आणि शहरातल्या घरांचं दुखणं असं की या दोन बाजूंची गाठच पडत नाही. जमिनीचा भाव, कर्जाचं व्याज, परवानग्यांत जाणारे महिने (तेवढे दिवस व्याज चालूच), मग सिमेंट, लोखंड, मजुरी, हे सगळं जोडून बांधणाऱ्याला जो आकडा परवडतो तो कमी कमाईच्या माणसाच्या आवाक्याच्या पार बाहेर असतो. त्यात जमिनीचं वागणं वेगळंच, तिथे जास्त मजले चढवायची परवानगी मिळाली की जमीनवाला त्याच हिशोबाने भाव वाढवतो, आणि स्वस्ताईसाठी दिलेली सूट जमिनीतच जिरते. म्हणून नुसतं 'बांधा, जास्त बांधा' म्हणून पुरत नाही असं माझं मत, बांधायला तर हवंच पण जमिनीचा भाव त्या हिशोबातून बाहेर काढल्याशिवाय दोन्ही बाजूंना परवडेल असा आकडा निघत नाही.

—

जाता जाता, पत्रकात 'चटई क्षेत्र' आलं तर जपून. नुसतं चटई क्षेत्र म्हणजे भिंतींच्या आत वापरायला मिळते ती जागा, आणि 'चटई क्षेत्र निर्देशांक' म्हणजे एफएसआय, प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येईल ते. प्लॉट १००० चौरस फूट आणि निर्देशांक २ तर २००० चौरस फूट. एकच शब्द दोन्हीकडे असल्याने लोक फार गोंधळतात.

—

मला 'परवडणं' पैशाच्या पलीकडे न्यावंसं वाटतं. आमच्या नात्यातलं एक जोडपं घर शोधत होतं तेव्हा रात्री जेवणानंतर दोघं विजेच्या बिलाच्या पाठीवर हिशोब मांडून बसली होती, डावीकडे जवळच्या घराचं भाडं, उजवीकडे लांबच्या घराचं. उजवा आकडा बराच कमी. मग तिने उजवीकडे खाली दोघांचे पास लिहिले, उशीर झाला तर रिक्षा लिहिली, मुलाला दोन तास जास्त सांभाळणाऱ्या बाईंचे पैसे लिहिले, आणि दोन्ही बेरजा जवळजवळ सारख्या झाल्या. तो म्हणाला पैसे जाऊ दे, रोजचा तीन तासांचा प्रवास मला परवडणार नाही. शहराच्या टोकाला स्वस्त म्हणून बांधलेली घरं रिकामी पडतात त्याचं एक मोठं कारण त्या कागदावर होतं.

आणि दुसरं म्हणजे काळ. आज परवडतंय, १० वर्षांनी परवडेल? सवलतीत मिळालेलं घर पहिल्या माणसाने बाजारभावाने विकलं की सवलत तिथेच संपली. यावर उपाय केलेली शहरं आहेत. व्हिएन्नाने १९२३ मध्ये घरांवर चढता कर बसवला, मोठ्या घराला जास्त, आणि त्या पैशातून घरं बांधून ती भाड्याने दिली, विकली नाहीत, आज तिथले साधारण निम्मे लोक पालिकेच्या नाहीतर अनुदानित घरांत राहतात. सिंगापूरने १९६० मध्ये गृहनिर्माण मंडळ काढलं, तिथे १० पैकी जवळपास ८ रहिवासी मंडळाच्या घरात राहतात, पण ते 'विकत' घेतलेलं घर म्हणजे ९९ वर्षांचा भाडेपट्टा असतो, जमीन सरकारचीच. तिसरा रस्ता सामुदायिक जमीन न्यासाचा, जमीन न्यासाची, घर तुमचं, विकताना भावाला मर्यादा. मला यातला व्हिएन्नाचा जास्त पटतो कारण आपण 'घर' म्हटलं की मालकीचंच धरतो आणि भाड्याच्या घराला कमी लेखतो. वास्तविक 'बिऱ्हाड' हा केवढा भरलेला शब्द आहे, त्यात मालकी कुठेच नाही, नांदणं मात्र आहे.

—

सगळ्यांचे मनापासून आभार, आता अडकलेलं सुटलं. पत्रक भाड्याच्या घरांबद्दलच आहे आणि भाड्याची मर्यादा मूळ मजकुरात पुढे दिलीच होती, मीच ती शीर्षकापासून तोडली होती. आता 'कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना परवडतील अशी भाड्याची घरे' असं केलंय, आणि खालच्या ओळीत 'भाडे कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त नसेल'. लांब झालंय, मांडणी करणारे कुरकुरतील, पण 'कुटुंबांना' मी काढू देणार नाही.