प्रेशर पंप बसवल्यापासून शॉवरला गरम पाणी येईना, पंपही थांबेना. मदत हवी आहे

रोहाउसवाला
नमस्कार मंडळी, नाशिकला आमचं रो हाउस आहे, तळमजला अधिक एक. गच्चीवर हजार लिटरची टाकी आणि शेजारी नळ्यांचा सोलर, 200 लिटरचा. आधी वरच्या बाथरूममध्ये शॉवर म्हणजे नुसती पिरपिर, अंग भिजायलाच वेळ लागायचा, म्हणून दिवाळीनंतर टाकीच्या आउटलेटला अर्धा एचपीचा ऑटोमॅटिक प्रेशर पंप बसवून घेतला, नळ उघडला की चालू, बंद केला की बंद. गार पाणी आता झकास येतं, पण गरमची बोंब झालीय. नुसता गरमचा नॉब उघडला तर येतं, पूर्वीसारखंच बारीक पण कढत, आणि गारचा नॉब एवढासा फिरवला की शॉवरमधून एकदम बर्फ. सध्या नाशिकची थंडी काय असते ते सांगायला नको.

दुसरा त्रास म्हणजे घरातले सगळे नळ बंद असताना पंप चालूच राहतो, रात्री तर शेवटी खाली येऊन मेन स्विच पाडावा लागतो. प्लंबर म्हणतो पंपाचा स्विच गेला, पंपवाला म्हणतो स्विच ओके आहे, तुमची लाइन भिंतीत लीक आहे, टाइल्स फोडून बघा. भिंतीला ओल कुठेच नाही. फोडाफोडी करायच्या आधी कुणी सांगू शकेल का नक्की काय झालंय?

चहाबाज
नळ्यांमध्ये क्षार बसले असणार, आमच्याकडे बोअरच्या पाण्याने असंच झालेलं. डिस्केलिंग करून घ्या.

रोहाउसवाला
पण नुसतं गरम उघडलं की अगदी कढत येतंय हो, बादलीला तर विसण लागतं. सोलर तापतोय व्यवस्थित.

ठाणेकरीण
पंप फक्त गारच्या लाइनवर आहे का? आणि बाथरूममध्ये मिक्सर कसले आहेत, दोन नॉबवाले की एका दांडीचे? कुठे हँड शॉवर आहे का, ज्याला हातातच बटण असतं?

रोहाउसवाला
हो, फक्त गारवर. गरम पाणी सोलरमधून थेट खाली येतं, मधे काही नाही. वर दोन नॉबचा वॉल मिक्सर. खाली आईच्या बाथरूममध्येपण तसाच, तिथे बटणवाला हँड शॉवर लावलाय.

पाइपवाला_काका
टाइल्सना हात लावू नका. लीकेज नाही आणि स्विचही बहुतेक ठणठणीत आहे.

असं बघा, सोलरचं पाणी नुसतं उतारावर येतं. 10 फूट उंचीला साधारण 0.3 बार प्रेशर मिळतं, तुमच्या वरच्या शॉवरला तेवढंसुद्धा नसेल. आणि अर्ध्या एचपीचा पंप गारच्या लाइनला सहज दीड-दोन बार देतो. मिक्सरमध्ये ही दोन पाणी समोरासमोर येतात, तिथे पैलवानापुढे शाळकरी पोरगं उभं केल्यासारखं होतं, गरम पाणी बाहेर तर येत नाहीच, उलट गार पाणीच गरमच्या पाइपात घुसून वर सोलरकडे चढायला लागतं.

आता पंप का थांबत नाही. तुमच्या आई हँड शॉवर बटणावर बंद करत असणार आणि मिक्सरचे दोन्ही नॉब उघडेच ठेवत असणार, म्हणजे परत गरम-गार जुळवायला नको. बहुतेक घरांत हेच चालतं. मग बाहेर थेंब पडत नाही, पण आत गार आणि गरमची लाइन जोडलेलीच राहते. पंप टाकीतून पाणी घेतो, मिक्सरमधून गरमच्या लाइनला घालतो, ते सोलरच्या टाकीत जातं. फ्लो स्विचला काय दिसतं, पाणी वाहतंय, म्हणजे नळ उघडा आहे. तो आपलं काम बरोबर करतोय.

सोलरच्या गार इनलेटला एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, असेल तर हे जादा पाणी सोलरच्या व्हेंट पाइपातून, म्हणजे हवेसाठी उघड्या ठेवलेल्या नळीतून, गच्चीवर पडतं. गच्ची ओली असते का?

रोहाउसवाला
गच्ची कोरडी आहे काका. पण आता तुम्ही म्हणताय तर आठवलं, ज्या रात्री पंप चालू राहतो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बेसिनच्या गार नळाला कोमट पाणी येतं! एवढ्या थंडीत. बायको म्हणाली होती मला, मला वाटलं टाकी काळी आहे म्हणून उन्हाने.

पाइपवाला_काका
सकाळी सहाला कुठलं ऊन. मग एनआरव्ही नाहीच. सोलरमध्ये वरून गार घुसतंय आणि खालचं कोमट पाणी त्याच्याच फीडच्या पाइपातून उलटं तुमच्या टाकीत जातंय, तिथून परत पंपाकडे. रात्रभर चक्कर. दिवसभर तापवलेलं पाणी टाकीत वाटलं जातं, वर लाइट बिल वेगळं.

खात्री करायची असेल तर पंप असा उगाच चालू असताना सोलरच्या गरम आउटलेटचा कॉक बंद करा. थोड्या वेळात पंप थांबला तर विषय संपला.

रोहाउसवाला
केलं काका. आईच्या बाथरूममध्ये दोन्ही नॉब खरंच उघडे होते, मुद्दाम तसेच ठेवले. पंप धावत होता, वरचा कॉक बंद केल्यावर थोडा घरघरला आणि गप्प. कॉक उघडला की परत सुरू. मग खाली जाऊन मिक्सरचे नॉब बंद केले, तेव्हाही गप्प. आईला सांगितलंय, ती म्हणाली मग तो बटणाचा शॉवर कशाला लावलात.

आता शॉवरचं काय करू? दोन्ही बाथरूमच्या गरम लाइनला एनआरव्ही टाकला तर जमेल?

ठाणेकरीण
एनआरव्हीने पाणी उलटं जायचं थांबेल, पंप शांत होईल, पण शॉवर कोमट होणार नाही, कारण गरमला बाहेर यायची ताकद कुठून येणार? शॉवर नीट हवा असेल तर दोन्हीकडे सारखंच प्रेशर पाहिजे. आम्ही गिझरचं इनलेट पंपाच्या लाइनवर घेतलं आणि शॉवरचं गरम गिझरमधूनच. सोलर फक्त बादलीच्या नळाला. 15 लिटरचा 2 किलोवॅटचा गिझर हिवाळ्यात तापायला वीसेक मिनिटं घेतो, आणि फुल शॉवर सोडला तर मिनिटाला 8-10 लिटर पाणी जातं, त्यामुळे लांबलचक आंघोळीचे लाड होणार नाहीत. 3 लिटरचा इन्स्टंट तर घेऊच नका या कामाला.

चहाबाज
पंपाचं पाणीच सोलरला दिलं तर? मग दोन्हीकडे प्रेशर येईल की.

पाइपवाला_काका
अजिबात नको! हा साधा व्हेंटवाला सोलर आहे, प्रेशरचा नाही. व्हेंटमधून कारंजं उडेल, नाहीतर टाकीचे जोड सुटतील. सोलरचंच पाणी शॉवरला हवं असेल तर सोलरच्या आउटलेटनंतर गरम पाण्याचा वेगळा पंप लावता येतो, मात्र पंपाच्या प्लेटवर किती डिग्रीपर्यंत चालतो ते वाचून घ्या, उन्हाळ्यात नळ्यांच्या सोलरचं पाणी 80 च्या वर जातं. आणि व्हेंट मोकळा आहे ना ते बघा, तो तुंबलेला असताना पंपाने ओढलं तर सोलरची टाकी आत चेपते. पाण्याजवळची मोटर आहे, अर्थिंग आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) तपासल्याशिवाय चालू करू नका.

रोहाउसवाला
गिझरवालाच मार्ग बरा वाटतोय, वरती पॉइंट काढलेला आहेच. आईच्या बाथरूमला सोलर तसाच ठेवून एनआरव्ही टाकतो. प्लंबर रविवारी येतोय, त्याला कुठला आणायला सांगू?

पाइपवाला_काका
फ्लॅपवाला सांगा, गरम पाण्याला चालणारा. स्प्रिंगवाला नको, उताराच्या पाण्याला तो उघडतच नाही नीट. आडव्या पाइपात बसवा, बाण मिक्सरकडे.