नंबर सतत बिझी लागतो? रिडायल लावायचे तुमचे अनुभव सांगा

कोपऱ्यातली खिडकी

आईच्या गुडघ्यांसाठी आम्ही सांगलीच्या एका डॉक्टरांकडे जातो. डॉक्टर देवमाणूस, पण नंबर लावायचा मार्ग एकच. सोमवारी सकाळी ८ वाजता दवाखान्याच्या लँडलाईनवर फोन करायचा. ऑनलाईन नाही, व्हॉट्सॲप नाही. ८ वाजून काही सेकंद झाले की लाईन एंगेज ती एंगेजच. गेल्या सोमवारी मी पुण्यातून ४३ वेळा फोन लावला. (कॉल लॉगमध्ये नावापुढे कंसात आकडा येतो, तो बघून स्वतःचीच कीव आली.) ८.४० ला लागला, तर पलीकडून, "ताई, या आठवड्याचं फुल झालं."

पूर्वी घरच्या बटणांच्या फोनवर रिडायलचं बटण होतं. ते दाबून दाबून त्यावरचं अक्षर पुसलं गेलं होतं. आता हातात एवढा मोठा फोन आहे, तो माझी पावलं मोजतो, झोप मोजतो, पण बिझी नंबर आपणहून पुन्हा लावत नाही. सेटिंग्ज पालथ्या घातल्या, काही सापडलं नाही.

तुम्ही कुणी काही लावलंय का? कुठला फोन, काय केलं, काय फसलं, सगळं लिहा. फक्त "डॉक्टर बदला" हा सल्ला नको. मला पटेल, आईला पटणार नाही.

साधा डबा

माझ्या जुन्या नोकियात कॉल सेटिंग्जमध्ये "ऑटोमॅटिक रिडायल" असायचं. एकदा ऑन केलं की फोन स्वतः दहा वेळा प्रयत्न करायचा. गॅसवाल्याचा नंबर लावून मी फोन टीव्हीवर ठेवून द्यायचो आणि दाढी उरकून घ्यायचो. जुन्या सॅमसंग गॅलक्सीतही ही सोय होती. आता या नव्या फोनात सगळं आहे, हेच नाही.

वरणफळ

मी ॲप टाकलं होतं. प्ले स्टोअरवर "ऑटो रिडायल" शोधलं की ढीगभर निघतात. नंबर टाकायचा, किती वेळा लावायचं ते टाकायचं (मी २० टाकले), मध्ये किती सेकंद थांबायचं ते टाकायचं (मी ५), आणि सुरू. ऐकायला सोपं वाटतं, पण माझी पहिली सकाळ अशी गेली:

पहिल्याच कॉलला फोनने विचारलं, सिम १ की सिम २? उत्तर द्यायला मी समोर नव्हते, आंघोळीला गेले होते. परत येऊन बघते तर प्रश्न तसाच पडद्यावर. म्हणजे आधी सेटिंग्जमध्ये जाऊन कॉलसाठी एक सिम कायमचं ठरवून टाका. दुसऱ्या दिवशी ते केलं, तर चार कॉल झाल्यावर स्क्रीन बंद झाली आणि फोनने बॅटरी वाचवायची म्हणून ॲपच बंद करून टाकलं. मग त्या ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरीखाली "निर्बंध नाहीत" निवडलं. तिसऱ्या दिवशी कुठे नीट चाललं, आणि तिसऱ्या दिवशी रविवार होता.

कोपऱ्यातली खिडकी

@वरणफळ, हसू नये पण हसले. सिमचं माझ्या लक्षातच आलं नसतं. टिपून ठेवलं.

निवृत्त जोडारी

दूरध्वनी खात्यात उभी हयात गेली, म्हणून थोडं लिहितो.

साधा डबा यांच्या नोकियातला दहाचा आकडा कंपनीच्या मनातून आलेला नाही. जीएसएमच्या (म्हणजे मोबाईल नेटवर्कच्या ठरलेल्या मानकाच्या) नियमांतच आपोआप होणाऱ्या कॉलवर मर्यादा घातलेली आहे. नंबर बिझी लागला तर पहिला पुनर्प्रयत्न किमान ५ सेकंदांनी, पुढचे तीन किमान एकेक मिनिटाने, त्यानंतरचे तीन-तीन मिनिटांनी, आणि जास्तीत जास्त दहा. दहाही वाया गेले की तो नंबर काळ्या यादीत. माणसाने स्वतः हस्तक्षेप केल्याशिवाय फोन तो पुन्हा आपोआप लावणार नाही. कारण उघड आहे. एका दवाखान्यासाठी दोनशे फोन दर सेकंदाला धडका मारू लागले तर त्या बाजूची बाकीची वाहतूकही अडते.

दुसरं, टोन नीट ऐका. आपल्याकडे एंगेजचा टोन संथ असतो. पाऊण सेकंद आवाज, पाऊण सेकंद शांतता. म्हणजे पलीकडे कुणीतरी खरोखर बोलतंय. पाव-पाव सेकंदाचा घाईघाईचा टोन आला तर तो माणूस मोकळा असू शकतो, मार्ग भरलेला आहे. पहिल्यात जरा थांबावं, दुसऱ्यात लगेच लावावा. मोबाईलवर हल्ली टोनच्या जागी बाईंचा आवाज येतो, तेव्हा त्या काय म्हणतात ते शेवटपर्यंत ऐका. "दुसऱ्या कॉलवर व्यस्त" आणि "सर्व लाईन व्यस्त" यांत तोच फरक आहे.

अर्धकच्चा प्रोग्रामर

काकांना दंडवत. ॲपच्या बाजूने भर घालतो, कारण असलं एक ॲप मी हौसेने लिहायला घेतलं होतं आणि हात भाजून घेतले.

अँड्रॉइडमध्ये बाहेरच्या ॲपला कॉलच्या तीनच अवस्था दिसतात: रिंग येतेय, फोन चालू आहे, फोन मोकळा आहे. आपण नंबर लावला की त्या क्षणापासून "चालू". पलीकडे रिंग वाजतेय, एंगेज आहे, की कुणी "हॅलो" म्हणालं, काही कळत नाही. कॉल नेमका का तुटला हे फोनच्या स्वतःच्या यंत्रणेला माहीत असतं, किंवा तुम्ही ज्या ॲपला मुख्य डायलर (फोन लावायचं नेहमीचं ॲप) केलंय त्याला. मग बाकीची ॲपं काय करतात? कॉल तुटला की कॉल लॉग उघडून किती सेकंद बोलणं झालं ते बघतात. शून्य सेकंद असेल तर पुन्हा लावतात. सगळी हुशारी एवढीच.

म्हणूनच ती कॉल लॉग वाचायची परवानगी मागतात. २०१९ च्या सुरुवातीपासून गुगलने प्ले स्टोअरवर ती परवानगी बरीच आवळली, त्यात अशी पुष्कळ ॲपं अडचणीत आली. आता जे ॲप कॉल लॉग सोडून तुमचे फोटो, लोकेशन आणि कॉन्टॅक्टही मागतं, ते तिथल्या तिथे काढून टाका. रिडायलला यातलं काहीही लागत नाही. आणि काम झालं की कॉल लॉगची परवानगीही काढून घ्या.

फुकटचा सल्लागार

शून्य सेकंदांचं वाचून माझी जुनी जखम उघडी पडली.

मित्राला फोन लावायचा होता, त्याचा सतत बिझी. ॲप लावलं, २० प्रयत्न, मध्ये ५ सेकंद, आणि फोन चार्जिंगला ठेवून खाली भाजी आणायला गेलो. इकडे मित्राचा आधीचा कॉल संपला आणि तो साहेबांसमोर मीटिंगला बसला. माझा फोन आला, त्याने कट केला. कट केलेला कॉलही शून्यच सेकंदांचा! ॲपने पुन्हा लावला. त्याने पुन्हा कट केला. असं सोळा वेळा. सतराव्याला तो मीटिंगमधून धावत बाहेर आला, कारण त्याला वाटलं माझ्याकडे कुणीतरी गेलं. फोन उचलला तर माझ्या घरी कुणीच नाही, नुसता पंख्याचा आवाज. मग त्याने माझ्या बायकोला ऑफिसात फोन केला. पुढचं लिहीत नाही. भाजीत पालक आणला होता एवढं आठवतंय.

लेस्टरची काकू

इथे इंग्लंडमध्ये सरकारी डॉक्टरची वेळ घ्यायची तर बऱ्याच ठिकाणी हीच गंमत. सकाळी ८ वाजता सगळ्या गावाने एकदम फोन करायचा. पेपरवाले "आठची झुंबड" म्हणतात. फरक इतकाच की आमच्या दवाखान्याची लाईन एंगेज लागत नाही, यंत्र उचलतं. "तुम्ही रांगेत सतरावे आहात." हे बरंय. पण रांगच भरलेली असेल तर तेच यंत्र गोड आवाजात सगळी माहिती सांगतं आणि शेवटी फोन ठेवून देतं. मुलाने मला ॲप लावून दिलं होतं. त्याच्या हिशेबी ४० सेकंद बोलणं झालं म्हणजे काम फत्ते, म्हणून ते थांबायचं. मग त्यातच "किमान किती सेकंद झाले तर कॉल लागला म्हणायचं" अशी जागा सापडली. तिथे ६० टाकल्यावर सुधारलं. सगळ्या ॲपांत ही जागा नसते, निवडताना बघा.

यंत्राने रांगेत घेतलं असेल तर मात्र चुकूनही ठेवून पुन्हा लावू नका. नंबर जातो. मी शहाणपणा करून पाचवीची एकविसावी झालेय.

अंगणातली तुळस

अमेरिकेत बहिणीकडे घरच्या फोनवर स्टार ६६ होतं. एंगेज लागला की ते दाबून रिसीव्हर ठेवायचा. अर्धा तास कंपनी स्वतःच तो नंबर तपासत राहते आणि मोकळा झाला की तुमचा फोन वेगळ्या रिंगने वाजतो. हे खरं शहाणपण, कारण राबतं ते एक्स्चेंज, आपला अंगठा नाही.

आयफोनवाला (शिव्या देऊ नका)

आयफोनमध्ये आपोआप रिडायल नाही, शोधत बसू नका. जे आहे ते असं. कीपॅड रिकामा असताना हिरवं बटण एकदा दाबलं की शेवटचा नंबर वर येतो, दुसऱ्यांदा दाबलं की लागतो. सिरीला "रिडायल" म्हटलं तरी लावते. शॉर्टकट्स ॲपमध्ये त्या नंबरचा कॉल बनवून होम स्क्रीनवर ठेवता येतो. अँड्रॉइडवालेही थेट डायलचं विजेट असंच ठेवू शकतात. मी तेच वापरतो. ज्या कॉलला "हॅलो" म्हणायला मी स्वतः हवा, तो यंत्राने का लावावा?

साधा डबा

@आयफोनवाला, कारण अंगठा दुखतो.

स्वल्पविराम

नंबर लागल्यावर "मराठीसाठी दोन दाबा, तक्रारीसाठी तीन दाबा" होतं त्यांच्यासाठी. कॉन्टॅक्टमध्ये नंबरापुढे स्वल्पविराम टाकून आकडे साठवता येतात. एक स्वल्पविराम म्हणजे साधारण २ सेकंद थांबणं. माझ्याकडे एक नंबर असा आहे: नंबर, मग दोन स्वल्पविराम, २, तीन स्वल्पविराम, ३. लागला की फोन स्वतः आकडे दाबत थेट माणसाच्या रांगेत नेऊन सोडतो. रिडायलबरोबर हे जोडलं की बराच त्रास वाचतो. कार्ड नंबर किंवा पिन मात्र असा साठवू नका.

नाव नको

एप्रिल २०२१. भावाला ऑक्सिजनचा बेड हवा होता. वहीच्या पानावर ३१ नंबर. घरात तीन फोन, तीन माणसं. आम्ही एकच नंबर पुन्हा पुन्हा लावलाच नाही. यादी वरून खाली, संपली की परत वरून. प्रत्येक कॉलच्या आधी ती कोरोनाची कॉलर ट्यून. वहिनी ती चालू असतानाच पुढच्या नंबरावर बोट ठेवून बसायची. तेव्हा ॲपबिप सुचलंही नाही आणि उपयोगही झाला नसता. एकच दार असेल तर रिडायल. दारं अनेक असतील तर वही बरी. बेड मिळाला, २२ व्या नंबरावर. भाऊ आहे.

काउंटरपलीकडची

मी दवाखान्यात फोन घेते. तुमचा नव्हे, दुसऱ्या गावी. पण धागा वाचून राहवलं नाही.

८ ते ८.३० माझ्या कानाचा रिसीव्हर खाली येत नाही. एक ठेवला की बोट उचलायच्या आत दुसरा. आणि त्यातले चार-पाच कॉल असे असतात की मी "हॅलो, दवाखाना" म्हणते आणि पलीकडे कुकरची शिट्टी. कधी टीव्ही. एकदा कुणीतरी मोठ्याने आरती म्हणत होतं. मला आधी कळायचंच नाही हे काय चाललंय. आता कळलं, तुमची ॲपं! मी तीनदा "हॅलो" म्हणते आणि ठेवते. तेवढ्यात दुसरा आत येतो आणि तुम्ही परत रांगेच्या शेवटी. तर ॲप लावा, पण फोन स्पीकरवर टाकून हातात धरा आणि लगेच बोला. पेशंटचं नाव, वय, जुना की नवीन, एवढं तोंडावर तयार ठेवा. लोक फोन लागल्यावर पेन शोधतात हो.

आणखी एक, सगळीकडे चालेलच असं नाही. बाहेरगावच्या पेशंटसाठी आमचे डॉक्टर रोजचे दोन-तीन नंबर बाजूला ठेवायला सांगतात. ते ८ च्या गर्दीत मी देतच नाही. सव्वादहाला फोन शांत असतो, तेव्हा कुणी विचारलं तर देते. विचारतच नाही कुणी.

निवृत्त जोडारी

@काउंटरपलीकडची, वा. उभी हयात लाईनच्या अलीकडेच गेली, पलीकडचं आज ऐकलं.

कोपऱ्यातली खिडकी

अपडेट देते. सोमवारी ॲप लावलंच. सिम ठरवलं, बॅटरीचं केलं, स्पीकर ऑन, फोन हातात. ८.०७ ला, अकराव्या प्रयत्नाला लागला आणि नेमकी त्याच वेळी दूधवाल्याने बेल वाजवली. मी "अहो एक मिनिट" म्हणाले ते दूधवाल्याला, पण ऐकलं दवाखान्याने. बोलणं ६ सेकंद. शून्य नव्हे, म्हणून ॲपही खूश होऊन थांबलं. नंतर ८.३० पर्यंत एंगेज.

मग काउंटरपलीकडच्या ताईंचं आठवलं. १०.१५ ला साधा, हाताने एकदाच लावला. पहिल्या रिंगला उचलला. इतकी अनपेक्षित रिंग की मीच गडबडले. त्यांनी पेशंटचं नाव विचारलं, मी माझं सांगितलं. वय विचारलं, तेही माझंच. "गुडघे का?" म्हणाल्या, "फार लवकर सुरू झालं तुमचं." गुरुवारचा नंबर मिळालाय. आईच्या नावावर करून घ्यायला उद्या परत फोन करायचाय.